ईशाला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय म्हणून

पुणे

प्रिय मंदा,

ईशाला व्हेटर्नरीला जायचंय, आणि त्यातही माझ्यासारखं कुत्र्या-मांजरांच्या कातडीचं काम करायचंय, हे वाचून फार आनंद झाला. रात्रीच लिहायला बसले.

आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६पासून आहे, जमलं तर तिथेच घाल. मी मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. ही पुढची पदवी करून त्वचारोगांकडे वळले, तेव्हा घरच्यांना ते काम बिनमहत्त्वाचं वाटलं होतं. खाजेनं कुठे कोण मरतं? पण मंदा, कातडी बिघडली की कुत्र्याच्या अंगाला वास येतो आणि घर त्याला हात लावायचं बंद करतं. आधी पलंगावरून खाली, मग बाल्कनीत, आणि कधी कधी थेट रस्त्यावर. हे मी पाहिलंय. म्हणूनच या कामाला मी कधीच लहान मानलं नाही.

माझ्याकडे येणारं जनावर बहुधा आधी इतर दवाखाने फिरलेलं असतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की खाज थांबते, सगळे शांत झोपतात, आणि काही आठवड्यांत ती पुन्हा उसळते. त्यात डेमोडेक्स या बारीक किड्यांची लूत असेल तर विचारूच नकोस. हे किडे केसांच्या मुळाशी निरोगी कुत्र्यातही थोडे असतातच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईकडूनच पिल्लाला मिळतात. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली की ते माजतात. कातडी चिमटीत दाबायची, बोथट ब्लेडनं रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत खरवडायची, स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरायची. काही मिनिटांचं, स्वस्त काम. तेवढंही न करता कुणी सुई टोचली की मला संताप येतो.

पूर्वी अमिट्राझ या किडे मारायच्या औषधाच्या आंघोळी घालायचो, कुत्री त्यानं सुस्त पडून राहायची. २०१३-१४मध्ये आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या आल्या आणि आमचं जगच बदललं. तरीही केस उगवले म्हणून औषध थांबवायचं नसतं. महिन्याच्या अंतरानं दोनदा खरवडून एकही किडा दिसता कामा नये.

मांजरांचं वेगळंच. खाज सुटली की मांजर चाटत बसते, लोकांना ती स्वच्छताप्रिय वाटते, आणि पोटावरचे केस गेल्यावर धावपळ होते. नायटा असेल तर घरातल्या मुलांनाही होतो. आणि ईशाला आत्ताच सांगून ठेव: कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला कधीही लावायचं नाही. झटके येऊन जीव जाऊ शकतो.

सगळ्यात अवघड असतं ते घरच्यांना धीर धरायला लावणं. खाण्याची ॲलर्जी शोधायची तर निदान आठ आठवडे एकच ठरवलेलं अन्न, दुसरा कणही नाही. सहाव्या आठवड्यात आजोबा प्रेमानं चहातलं बिस्कीट देतात आणि सगळं मुसळ केरात. म्हणून आता पहिल्याच भेटीला मी आजोबांनाही बोलावते, स्लाइड दाखवते, त्यांच्याच हातून औषध सुरू करते. मग तेच सगळ्यांवर पहारा देतात.

दिवाळीच्या सुट्टीत ईशाला माझ्याकडे पाठव. दवाखान्यात बसू दे, मायक्रोस्कोपमधून पाहू दे, लोकांशी बोलू दे. तू आलीस तर आणखी बरं.

तुझीच,
नलू