मिसोलोंघीचा तट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

ग्रीसमधलं मिसोलोंघी हे गाव तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात पडलं; त्यावरच्या फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या चित्रात गावाचा तट कुठे आहे, असं तू विचारलंस. तो चित्रातल्या बाईच्या, म्हणजे बाईच्या रूपातल्या ग्रीसच्या, गुडघ्याखाली आहे. १८२६ चं हे तैलचित्र साधारण दोन मीटर उंच, दीड मीटर रुंद. आज ते बोर्दोच्या संग्रहालयात आहे. बघायला खालून सुरुवात कर. फुटक्या चिऱ्यांखालून मेलेल्या माणसाचा हात बाहेर आलाय, दगडावर रक्त आहे. मग गुडघा, मग ते पसरलेले रिकामे हात. मागे अंधारात निशाण धरून उभा असलेला शत्रूचा शिपाई सगळ्यात शेवटी. आधी चेहरा पाहिलास, तर ती नुसती शोक करणारी बाई वाटते.

पण ते चिरे खरे धरू नकोस. देलाक्रवा ग्रीसला कधी गेलाच नव्हता. तिथला तट बुटका, बराचसा मातीचा, पुढे खंदक. तोफेपुढे मातीच बरी: दगड फुटून कपच्या उडतात, मातीत गोळा रुतून बसतो, आणि भगदाड रातोरात पाट्या टाकून बुजवता येतं. मिखाइल कोक्किनिस या इंजिनिअरनं तो नव्यानं उभारला आणि बुरुजांना नावं दिली फ्रँकलिन, कोश्चुश्को, बोत्सारिस. अमेरिकेचा, पोलंडचा आणि ग्रीसचा स्वातंत्र्यवीर एकाच तटावर! चित्रकारानं कुंचला उचलण्याआधीच तो तट हे सगळं सांगत होता. मला तर ही नावं चित्राइतकीच मोलाची वाटतात.

गाव पडलं ते उपासमारीनं. एप्रिल १८२५ मध्ये तुर्की सेनापती रशीद पाशाचा वेढा पडला, तरी पाठीमागच्या उथळ खाजणातून होड्यांनी रसद येत होती. पुढे इजिप्तचा इब्राहिम पाशा त्याला येऊन मिळाला. १८२६ च्या मार्चपर्यंत खाजणातली वासिलादी आणि आनातोलिको ही ठाणी गेली, आणि वाट तुटली. एप्रिलमध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या रात्री, लोकांनी खंदकावर लाकडी पूल टाकून बाहेर मुसंडी मारली. बेत आधीच फुटला होता. गोंधळात कित्येक जण मागे फिरले, आणि शत्रू त्यांच्या पाठोपाठ आत घुसला. गावातल्या ख्रिस्तोस काप्सालिसनं शत्रूच्या हाती पडण्याऐवजी दारूगोळा पेटवून दिला.

चार वर्षांनी याच चित्रकारानं पॅरिसच्या रस्त्यात रचलेल्या दगड-लाकडांवरून, पडलेल्या माणसांवरून पुढे येणारी स्वातंत्र्यदेवता रंगवली. दोन्ही चित्रं शेजारी ठेव आणि फक्त निशाण शोध. तिथे ते तिच्या हातात आहे. इथे मागच्या शिपायाच्या.

तुझा,
विनायक