माग बंद करणाऱ्या अक्कांना

अक्का,

तुमच्या धाकट्याच्या हातात कायम मोबाइल असतो. हे पत्र त्याच्या नजरेस पडेल आणि तो तुम्हाला तेलुगूतून सांगेल, या भरवशावर लिहिते आहे.

मी चिपळूणची. बदली झाली म्हणून सोलापुरात आले आणि लॉजवर असतानाच तापाने पडले. तिथल्या मॅनेजरने एकच चौकशी केली, खोली कधी सोडताय? "काहीही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनी फोनवर गोळीचं नाव सांगून विषय संपवला. दवाखान्यात गेले, तर सोबत कुणी नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी "मग कुणाला तरी घेऊन या" असं सुनावलं. परक्या गावात आणू कुणाला? त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

लॉज सोडायचं, तर डोक्यावर छप्पर हवं. म्हणून गोळी घेऊन भाड्याची खोली शोधत फिरत होते. नवी पेठ, टिळक चौक, कोंतम चौक, साखर पेठ. अंगात ताप नसता तर या पेठांत मी रमून गेले असते. एका ओट्यावर कन्नड, पुढच्या दुकानात दखनी उर्दू, पूर्व भागाकडे वळलं की तेलुगू, आणि मला बघून प्रत्येक जण मराठीत "काय पायजे ताई?" पण ऊन असं, की कोकणातल्या माणसाला घामही फुटेना. अशोक चौकाच्या पुढे तुमच्या गल्लीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जी पायरी दिसली तिच्यावर बसले.

तुम्ही विड्या वळत होतात. मांडीवरचं सूप खाली ठेवलंत, कपाळाला हात लावलात, म्हणालात, "अंग लई तापलंय की ओ तुमचं." माझं नाव विचारलं नाहीत, गाव नाही, जात नाही. आत नेऊन चटई टाकलीत, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्यात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात, भरून ठेवलेल्या घागरीतलं पाणी तुम्ही माझ्यासाठी सढळ हाताने वापरलंत.

पण मला जन्मभर आठवणार आहे ते दुसरंच. भिंतीपलीकडे तुमचे टॉवेलचे माग चालू होते. त्यांची खडखड घणासारखी डोक्यात बसत होती. मी काही बोलले नव्हते, बोलायचा हक्कही नव्हता. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत, उठलात आणि दारातून काकांना तेलुगूत काहीतरी सांगितलंत. एक माग थांबला. मग दुसरा. काका हात पुसत पुसत बाहेर आले आणि एक शब्द न बोलता ओट्यावर जाऊन बसले. मला झोप लागली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि माग तसेच उभे होते.

मजुरी मालावर मिळते, माग उभा म्हणजे कमाई बंद, हे मला पुढे इथे राहून कळलं. वीज गेली की गल्ली कशी वैतागते तेही आता बघते. तुम्ही तर वीज असताना माग थांबवलेत, एका अनोळखी बाईच्या झोपेसाठी. निघताना मी पाकीट काढलं तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि परत पिशवीत घातलात.

बरी झाल्यावर भैय्या चौकातलं डॉक्टर कोटणीसांचं स्मारक बघून आले. या गावात जन्मलेला माणूस 1938 साली चीनला गेला, तिथल्या जखमींची सेवा करत राहिला आणि 1942 साली तिथेच वारला. त्यांचं नाव आपण शाळेत शिकलो. तिथे उभी असताना मला तुम्ही आणि काकाच आठवत होतात. समोरचा आपला कोण लागतो, हे न विचारता कामाला लागणारी माणसं या गावात आजही आहेत. त्यांच्या नावाने स्मारकं होत नाहीत, म्हणून निदान हे पत्र.

आता मला तुमच्याच भागात खोली मिळाली आहे. पैसे तुम्ही घेणार नाही, ते मी काढणारही नाही. धाकट्याचं गणित कच्चं आहे असं तुम्ही म्हणाला होतात. येत्या रविवारपासून संध्याकाळी त्याला शिकवायला येते. वही-पेन्सिल मी आणेन. काकांना सांगा, माग चालूच ठेवायचे.

तुमची,
चिपळूणची ताई