चार हजारांचा आकडाही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी आरोग्य शिबिरं भरतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे कान तपासायचे म्हणजे पाठीमागे उभं राहून हलक्या आवाजात नाव विचारायचं आणि उत्तर आलं की ‘कान ठीक’ लिहायचं. माझे आप्पा अशाच एका शिबिरात पास झाले होते. 31 वर्षं साध्या मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केलेला माणूस!

घरी आम्हालाही कधी जाणवलं नव्हतं. शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात सगळे एकमेकांचं बोलणं ओठांवरून समजून घेतात. आप्पा घरातही तेच करत होते. 2020 मध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि आप्पा गप्पच झाले. “आवाज येतोय गं, पर काय म्हणतीयास ते कळंना,” एवढंच म्हणायचे. आई लसूण घालून कोमट केलेलं तेल त्यांच्या कानात सोडायची.

शेवटी मिरजेला ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर कानाची तपासणी केली. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. आप्पा सवयीनं काचेपलीकडच्या मॅडमच्या बोटांकडेच बघत राहिले, तेव्हा त्यांनी आप्पांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबल म्हणजे तो ऐकू यायला किती जोर लागला ते; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाचे आकडे असे आले: 500 हर्ट्झला 20 डेसिबल, 1000 ला 25, 2000 ला 45. सरासरी 30, म्हणजे कागदावर सौम्य दोष. पण 4000 ला 75! 8000 ला पुन्हा 60. आलेखातला तो खड्डा ही गोंगाटानं कान गेल्याची खूण, असं मॅडमनी समजावलं. स, श, फ यांचा आवाज याच वरच्या पट्टीत असतो. म्हणून बोलणं ऐकू येतं, शब्द निसटतात. कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही आकडे जवळपास तेच आले. म्हणजे मळ नाही, पडद्याचा दोष नाही. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या पेशीच गेलेल्या, आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्या दिवसापासून तेल बंद झालं.

गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्यातही नोंद करण्याच्या व्यावसायिक आजारांमध्ये होता. पण तपासलंच नाही तर नोंद कशाची होणार?

माझी शिबिर भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. पंखा घरघरणाऱ्या हॉलमध्ये कान तपासू नका. पाळीवरून उठून आलेल्या माणसाचे कान तात्पुरते बधिर असतात, म्हणून त्याला सुट्टीच्या दिवशी बोलवा. 4000 चा आकडा घ्याच, आणि तो कागद कामगाराच्या हातात द्या, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल.

माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. आजही रात्रपाळीला जातो, कानात कापसाचा बोळा घालून. त्याचा कान एकदाही तपासलेला नाही.

आपली,
एका माग कामगाराची मुलगी, इचलकरंजी