अ‍ॅशवेलच्या भिंतीवरची खरड

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांतल्या चर्चवर लेख आला होता, फोटो झकास, पण अ‍ॅशवेलच्या सेंट मेरीजला दोनच ओळी, १७६ फुटी टॉवर आणि १३६१ चं वादळ, संपलं! अहो टॉवर बाहेरून काय बघता, खरी गंमत आतल्या भिंतीवर आहे. मुलगी केंब्रिजला होती तेव्हा जाऊन आलोय मी. आधी काहीच दिसत नाही, मग मोबाइलचा टॉर्च भिंतीला आडवा लावला की ओरखडे उठून दिसायला लागतात, लॅटिनमधले, कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन बसून कोरलेले. तिकडचा दगड खडूसारखा मऊ, क्लंच म्हणतात त्याला.

सुरुवातच कोड्यासारखी आहे. रोमन आकड्यांत एम, मग सी तीनदा, एक्स पाचदा, म्हणजे १३५०. प्लेग १३४८ ला इंग्लंडात शिरला, निदान तिसरा हिस्सा माणसं गेली, आणि हा बाबा लिहितो की साथ गेली, आता साक्षीला उरलाय तो नुसता माणसांतला गाळ. स्वतःला त्यात धरलं का नाही कोण जाणे. त्याखाली वादळ, सेंट मॉरसच्या दिवशी, साल १३६१. भिंतीवर तसंच आहे पण तेव्हा तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, आपल्या फायनान्शियल इयरसारखंच जवळजवळ, आणि मॉरसचा दिवस १५ जानेवारी, त्यामुळे आपल्या हिशोबाने ते १३६२ होतं. लेखात तेवढं दुरुस्त करा.

तिथेच लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं म्हणतात ते चित्रही कोरलंय. त्याच्या मनोऱ्यावरचा सुळका १५६१ ला वीज पडून गेला, उरलेलं १६६६ च्या आगीत, आणि हे खेड्यातलं खरडलेलं मात्र शाबूत! एका खांबावर तर 'कोपरे नीट जुळलेले नाहीत, थू' असं काहीतरी आहे, निदान तसा अर्थ लावतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघून मला शब्दशः हेच सुचलं होतं.

राजे, बिशप, कमानी हे सगळं छापाच, पण पुढच्या वेळी त्या भिंतीचा एक फोटो टाका. आणि फोटोग्राफरला सांगा समोरून फ्लॅश मारू नको, अक्षरं गायब होतात.

— एक जुना वाचक, ठाणे