रुमालावरचे दोन डाग

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

आपले नाव कोठेही लिहायचे नाही, असे आपण बजावल्यामुळे हे पत्र बिननावाचेच लिहितो आहे. परंतु नाशिकच्या अंबडमधील आपल्या शेडमध्ये ज्यांची गाडी कधी उभी राहिली असेल, त्यांना ते कोणासाठी आहे हे लगेच कळेल.

वडिलांच्या जुन्या कॉन्टेसामध्ये टोयोटाचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि त्यासोबतचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला, तेव्हा हौस फिटेल असे वाटले होते. ती फिटली, पण वेगळ्याच अर्थाने. कसारा घाट चढताना गिअरबॉक्स असा तापे की गिअर उशिरा आणि धक्क्याने पडत. पहिल्या गॅरेजने गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा एक स्वस्त कूलर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट रेडिएटरच्या जाळीतून आवळून टाकला. दुसऱ्याने आकाराने मोठा दिला, पण त्याची तोंडे इतकी अरुंद की तेलाचा प्रवाहच अडला. आणि तिसऱ्याने ‘अशा जोडगाड्यांना हे व्हायचेच’ एवढे ऐकवून बिल हाती ठेवले. त्या बिलात ‘तपासणी’ असा शब्द होता. काय तपासले, हे मला आजही कळलेले नाही.

आपण मात्र बॉनेट उघडताच गिअरबॉक्सचे तेल तपासायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढली, खिशातला धुतलेला पांढरा रुमाल काढला आणि त्याच्या कोपऱ्यावर तेलाचा एक थेंब टेकवला. तपकिरी डाग पसरला. “वास घ्या,” म्हणालात. जळका वास होता. पुसायला चिंध्यांचे पोते शेजारीच असताना स्वतःचा रुमाल का खराब केलात, असे मी विचारले, तेव्हा “चिंधीला आधीच रंग असतो, डाग खोटा दिसतो,” एवढेच आपले उत्तर होते. तोपर्यंत सर्वांनी मला कूलर दाखवले होते; माझ्याच गाडीचे तेल मला कोणी दाखवले नव्हते.

त्यानंतर आपण जे समजावलेत, ते मी विसरणार नाही. चढावर गाडी हळू चालते तेव्हा इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, आत तेल घुसळत राहते आणि तीच घुसळण उष्णता बनते. तेल सुमारे १० अंशांनी अधिक तापले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा ढोबळ हिशेब. ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरच्या टाकीत हे तेल थंड करणारा कप्पा असतो. माझ्यासाठी बनवून घेतलेल्या रेडिएटरमध्ये तो ठेवलाच नव्हता, म्हणजे सगळा भार त्या एका बाहेरच्या कूलरवर. म्हणून पातळ थरांचा, गिअरबॉक्सच्या नळीइतक्याच तोंडाचा, स्वतःचा पंखा असलेला कूलर हवा, आणि निफाडकडच्या थंडीत तेल गारठू नये यासाठी थर्मोस्टॅटही हवा. पूर्वीचे दोन्ही कूलर कोणी बसवले, हे आपण विचारलेसुद्धा नाही. माझे मन तेवढे मोठे नाही, हे वरच्या परिच्छेदावरून आपल्या लक्षात आले असेलच.

तसा कूलर बसवून तेल बदलल्यावर, मेच्या दुपारी आपण जेवणाचा डबा तसाच झाकून माझ्या शेजारी बसलात. इगतपुरी ओलांडून घाट उतरलो आणि परत चढलो. नळीला चिकटवलेल्या मीटरचे आकडे आपण, तापकऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसासारखे, हळू आवाजात वाचत होतात. जिथे पूर्वी काटा १३० अंशांवर जाई, तिथे तो ९५ च्या पुढे सरकला नाही. वर आल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन आपण पुन्हा डिपस्टिक काढली आणि त्याच रुमालाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर थेंब टेकवला. नव्या तेलासारखा लालच होता. या वेळी वास घ्या, असे म्हणावे लागले नाही.

तो रुमाल घाईत माझ्याच गाडीत राहिला आहे. मी तो धुतलेला नाही. शनिवारी नवा घेऊन शेडवर येतो. जुना मात्र कृपया परत मागू नये.

आपला,
कॉन्टेसावाला