नदीकाठच्या घराची काळजी नको

ऑर्नां, फ्रान्स
११ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, स्वेटर घालतो, रात्री वरणभात होतोच. ऑफिसचं सगळं फोनवर कळतंच तुम्हाला.

पाण्यात पाय रोवलेल्या घरांचा फोटो पाहिल्यापासून आईला झोप नाही, असं छोटीने कळवलं. आई, २०१९ ला कृष्णा आपल्या सांगलीत कुठवर चढली ते मीही पाहिलंय, उगाच धीर देत नाही. ती घरं गावाची जुनी शोभा आहे, मी तिथे राहत नाही. माझी खोली चढावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. शिवाय इथल्या लू नदीची सगळी लांबी १२२ किलोमीटर. पाणी चढतं ते बहुतेक हिवाळ्यात, आणि लवकर उतरतं.

बाबा, पाटबंधारे खात्यात तुमची हयात गेली, म्हणून हे खास तुम्हाला. ही नदी ऊआं गावाजवळ कड्यातल्या गुहेतून भरल्या अंगानेच बाहेर पडते. जुरा डोंगर चुनखडीचा, पाणी मुरतं आणि आतल्या भुयारांतून वाहतं. ते येतं कुठून, हे आगीमुळे कळलं. ११ ऑगस्ट १९०१ ला पाँतार्लिए गावात पेर्नोच्या कारखान्यावर वीज पडली. तिथे ॲब्सिंथ, म्हणजे बडीशेपेच्या वासाची कडक दारू व्हायची. भडका वाढू नये म्हणून टाक्यांतली दारू दू नदीत सोडली. दोन दिवसांनी लूच्या उगमाला तोच वास! १९१० मध्ये मार्तेल नावाच्या संशोधकाने दूच्या पाण्यात रंग सोडून खात्री केली. दूचं पाणी जमिनीखालून फुटून इथे येतं आणि शेवटी पार्सेजवळ लू पुन्हा दूलाच मिळते. चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे १८१९ मध्ये इथेच ऑर्नांला जन्मला. त्याने ही गुहा कितीदा रंगवली! तिच्यासमोर उभं राहिलं की हलावंसं वाटत नाही, बाबा. तुम्हाला दाखवायचीच आहे.

आईला मात्र एक गोष्ट पटणार नाही. इथे लोक छातीपर्यंत रबरी विजार चढवून थंडगार पाण्यात तासन्‌तास उभे राहतात. गळाला गांडूळ नाही, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ट्राउट मासा लागला की आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे आजारी पडतो. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून चटकन सुटतो. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, त्याच्या अंगात त्राण आलं की सोडून द्यायचं. घरी न्यायचा नाही! काही पट्ट्यांत तसा नियमच आहे, पण नियम नसला तरी बरेच जण सोडतात. २०१० च्या सुमारास इथे खूप मासे मेले. चुनखडीत पाणी गाळलं जात नाही, शेतातलं, गोठ्यातलं सगळं थेट नदीत उतरतं. तेव्हापासून एकेक मासा जपतात.

हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे सोमवारी पाठवतो. बाबा, एफडी मोडू नका, छोटीचा सगळा खर्च मी करणार हे ठरलंय. फेब्रुवारीचा मुहूर्त धरलात तर मला पाच दिवसच मिळतील, हळदीला पोचेन, पण मांडवपरतणीला नसेन. मामाला आधी सांगून ठेवा, सगळी धावपळ बाबांच्या गुडघ्यावर नको. मी तिथे असायला हवं होतं, कळतंय मला. कऱ्हाडच्या स्थळाशी रविवारी बोलतो. आई, टाळत नाहीये, पण तारीख छोटीचं झाल्यावरच काढा.

तुमचा,
सुजय