जमिनीवरच्या सीमांचाही विचार व्हावा: एका सायकलप्रवाशाचे परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

कोविड महासाथीच्या काळातले प्रवासनिर्बंध एकेक करून उठले. ऑस्ट्रेलियाने २१ फेब्रुवारी २०२२ पासून लस घेतलेल्या पर्यटकांना पुन्हा प्रवेश दिला आणि आम्ही सायकलप्रवाशांनीही दोन वर्षे घडी करून ठेवलेले नकाशे उलगडले. मात्र मार्ग आखायला बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आले, की मोकळे झाले होते ते मुख्यतः विमानतळ. आम्ही ज्या चौक्यांतून एका देशातून दुसऱ्या देशात जातो, त्यांचा विचार नव्या नियमांत फारसा झालेला नव्हता.

युरोपातून मध्य आशियाकडे जाणारी सायकलप्रवाशांची ओळखीची वाट तुर्कस्तान आणि जॉर्जिया ओलांडून बाकूला पोहोचते आणि तिथून जहाजाने कॅस्पियन समुद्र पार करते. अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा मार्च २०२० मध्ये प्रवाशांसाठी बंद केल्या, त्या आजही बंद आहेत. विमानाने येणाऱ्या पर्यटकाला मात्र तोच देश प्रवेश देतो. अमेरिकेनेही मार्च २०२० ते ८ नोव्हेंबर २०२१ या काळात कॅनडाच्या पर्यटकांना रस्त्याने येऊ दिले नाही, पण विमानाने येण्यास त्यांना मुभा होती. दिवसभर उघड्यावर एकट्याने सायकल चालवणाऱ्या आणि रात्री तंबूत झोपणाऱ्या माणसाने सायकल खोलून खोक्यात भरावी आणि गर्दीच्या विमानात बसावे, यात आरोग्याचे हित कोणते, हे मला अजून उमगलेले नाही. आडबाजूच्या चौकीवर तपासणीची सोय करणे विमानतळाइतके सोपे नसते, हे मान्य आहे. पण अडचण ती असेल, तर निदान मोजक्या चौक्या निवडून तिथे ती सोय करता येईल.

दुसरा प्रश्न होता ७२ तासांचा. महासाथीच्या काळात अनेक देश प्रवेशापूर्वी ७२ तासांच्या आत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल मागत. विमानाने जाणाऱ्याला ही मुदत पुरत असे. सामान लादलेली सायकल दिवसाला ७०-८० किलोमीटर जाते, समोरून वारा असला किंवा घाट लागला तर त्याहूनही कमी. प्रयोगशाळा शहरात असे आणि अहवाल हाती पडण्यातच एक दिवस निघून जाई. उरलेल्या दोन दिवसांत दीडशे किलोमीटरच्या पलीकडची सीमा गाठणे बहुतेकांना जमण्यासारखे नव्हते, आणि वाटेत एखादा स्पोक तुटला, तर कागद घेऊन पुन्हा शहराकडे फिरावे लागले असते. चौकीवरच अँटिजेन चाचणी करून घेण्याची मुभा मिळाली असती, तर ही सगळी ओढाताण टळली असती.

व्हिसाचेही असेच आहे. काही देशांचा ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवरच चालतो. शिवाय सायकलप्रवाशाला प्रवेशाची नेमकी तारीख महिनाभर आधी सांगता येत नाही, कारण उंच खिंडी बर्फ वितळल्यावरच खुल्या होतात.

म्हणून विनंती अशी, की शेजारी देशांशी निर्बंध उठवण्याची बोलणी करताना आपल्या खात्याने जमिनीवरील प्रवेशाचा विषय आवर्जून मांडावा. कोणती चौकी कोणत्या तारखेपासून खुली आहे आणि तिथून पायी किंवा सायकलने जाता येते की केवळ मालमोटारींनाच वाट आहे, याची यादी खात्याने प्रसिद्ध करून ती दर आठवड्याला अद्ययावत ठेवावी. प्रवास सुरू असताना पुढची सीमा अचानक बंद झाली, तर अडकलेल्या प्रवाशाला दंड न आकारता व्हिसाची मुदत वाढवून मिळावी, असा परस्पर करारही व्हावा. मार्च २०२० मध्ये दोन बंद सीमांच्या मधोमध अडकून, संपत आलेला व्हिसा खिशात घेऊन मी अकरा दिवस काढले आहेत. त्यामुळे या कराराची विनंती मी सर्वांत आग्रहाने करत आहे.

उन्हाळ्यात निघायचे असेल, तर व्हिसाचे अर्ज याच महिन्यात करावे लागतील. चौक्यांची यादी त्याआधी मिळाली, तर आम्हाला मार्ग निश्चित करता येईल.

आपला विश्वासू,
एक सायकलप्रवासी